गोदीत उभं केलेलं जहाज

माझा धाकटा भाऊ नौदलात होता. विमानवाहू जहाजावर, सुट्या भागांच्या भांडारात. सुटीवर आला की आदिलाबादजवळच्या मावल्याच्या आमच्या मळ्यात, बांधावरच्या मातीत, कपाशीच्या पऱ्हाटीच्या काडीने तो मला, त्याच्या थोरल्या बहिणीला, जहाज काढून दाखवी. पुढचं टोक वर वळलेलं, कारण तिथून विमानाला आभाळात झेपावायचं असतं. सगळी इमारत एका कडेला सरकवलेली, कारण मधला माळ मोकळा हवा. पोटात विमानांचा गोठा आणि त्यांना वर आणणारी अवाढव्य लिफ्ट. मी समुद्र पाहिलेला नाही. त्याच्या कपड्यांना येणारा तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास हाच माझा समुद्र. माझ्या कितीतरी कवितांत तोच उसळतो.

एकदा तो म्हणाला, एक जहाज निघायच्या बेतात असलं आणि त्याचा एखादा भाग मिळत नसला, तर गोदीत दुरुस्तीला उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजाचा काढून बसवतात. "पण जिथून काढला तिथं लाल चिठ्ठी बांधा लागते, बाई. नाही तं मागून येणारा फसते."

नोकरी संपवून तो गावी परतला तोवर आई गेली होती, आणि विहिरीसकट मळ्याचा एक तुकडा माझ्या नावे करून गेली होती. भावकीला ते रुचलं नाही. शाळेत शिकवणारी बाई काय शेती करणार. जमीन पडीक राहील आणि शेवटी भावाकडेच येईल, असं सगळे उघड बोलत. म्हणून या उन्हाळ्यात मी वांगी लावली, माझं पहिलं पीक. रोज सकाळी पंप सुरू करून मी वाफ्यात अनवाणी उभी राही. गार पाणी बोटांच्या बेचक्यांतून वाट काढत पुढे जाई. झाडं फुलावर आली होती.

तेवढ्यात सासरकडच्या एका लग्नासाठी आठ दिवस बेज्जूरला जावं लागलं. पाणी द्यायचं भावाला सांगितलं.

"जाय तू बिनघोर," तो म्हणाला.

परतले तेव्हा वांग्याची पानं हाताखाली कुरकुरत होती. बटण दाबलं. पंप गुणगुणला, पण पाइपाचं तोंड कोरडंच. मिस्त्रीने पंप उघडला, तर आतला पाणी ढकलणारा पंखाच नव्हता. बोल्ट मात्र पुन्हा घट्ट आवळलेले, कडेचं ग्रीस स्वच्छ पुसलेलं. इतका नेटका हात आमच्या घरात एकाचाच. बांधापलीकडे त्याच्या विहिरीवर तसाच पंप भरभरून वाहत होता, आणि मिरची हिरवीगार डुलत होती.

"माह्या पंपाचा पंखा तुनं काढला?"

"हो. माहा तुटला. दुकानात भेटत नव्हता. मिरची जळून राह्यली होती."

"अन् माही वांगी?"

भावजय ओसरीवरून म्हणाली, "तुमाले पगार हाय ना, बाई. चार वांग्यायसाठी काऊन एवढं?"

भाऊ हसला. "निघायचं कोनाले हाय ते पाहा लागते. तुहं जहाज तं गोदीतच उभं हाय."

"मंग चिठ्ठी काऊन नाही बांधली?"

"घरच्या घरात कायची चिठ्ठी?" मग आवाज उतरवून, समुद्राबद्दल बोलायचा त्याच मायेने तो म्हणाला, "यंदाचं तं गेलंच. पुढच्या सालापासून मीच पायतो तो तुकडा. तू कायले दगदग करतं?"

त्याचा तो मऊ आवाज मला सर्वांत जास्त लागला. भावकीचे कडू बोल मी पचवले होते. त्यांच्याकडून मला कधी समुद्र मिळालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादला गेले. दुकानदाराने मागे वळून फळीवरून पंखा काढला आणि फडक्याने त्यावरची धूळ पुसली. तिथे तसे आणखीही होते.

"कधी आले हे?" मी विचारलं.

"हे? हे तं कवाचेच पडून हायत, म्याडम."

पंखा बसवला. पाणी आलं, आधी गढूळ, गंजाच्या वासाचं, मग निवळ. वांगी उठणार नाहीत हे दिसतच होतं. मी वाळलेली झाडं मुळासकट उपटायला बसले. काटे बोटांत रुतत होते. दुपारपर्यंत निम्मं रान मोकळं झालं, ओल्या मातीचा काळा वास वर आला.

भाऊ बांधावर येऊन उभा राहिला.

"आता काय लावतं, बाई?"

आजवर मळ्यातली प्रत्येक गोष्ट मी आधी त्यालाच सांगत आले होते. मी मान वर केली नाही. पुढच्या झाडाच्या बुंध्याला हात घातला आणि ओढलं.