तड्यावरची पट्टी

दवाखान्यात शेवटच्या सकाळी माझ्या बायकोनं, सुलोचनानं, तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि विचारलं, "पट्टी बघितली का?" मला गोड खोटं बोलता येत नाही. म्हणालो, "बघितली. फाटलीय." तिनं डोळे मिटले... मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "मग पुस्तकं काढा भाईर. आत तुमी एकटेच जा." दुपारी ती गेली. पोरगी कोपरगावहून निघाली होती, एसटीत होती, तिच्यासाठीही थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं होतं. जन्मभर नगरात पाणी सोडायची नोकरी केली मी; त्या पाण्याचा व्हॉल्व काही माझ्या हातात नव्हता.

माती देऊन महिना होत आला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण त्या पट्टीचं सांगितल्याशिवाय सुलोचना कोण होती ते कळायचं नाही.

आमच्या वस्तीत पाण्याची उंच टाकी आहे, आणि तिच्या खांबांच्या मधे, बरोबर खाली, एक खोली. तिथं माझी व्हॉल्वची लांब चावी आणि पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरच्या गोण्या असायच्या. गावातल्या जुन्या वाचनालयाला आमच्याकडं शाखा काढायची होती, जागा मिळेना, तेव्हा ती खोली त्यांना दिली आणि माझं सामान जिन्याखाली गेलं. झाडलोटीला सुलोचना लागली. सातवी पास. वर्षभरात पुस्तकं द्यायचं-घ्यायचं कामही तिच्याकडंच आलं, कारण दुसरं कोणी टिकेना. मुख्य वाचनालयात आमच्या बाया जायच्या नाहीत. तिथं हळू बोलायचं, नीट साडी नेसून जायचं. इथं हंडा दाराशी ठेवला की झालं. पाण्याला उशीर झाला की बाया मला शिव्या द्यायला टाकीखाली यायच्या, आणि मी सापडलो नाही की पुस्तक घेऊन बसायच्या. समोरची हौसा तर म्हणायची, "काकू, काकांना सांगा, ही गोष्ट संपस्तोवर पानी सोडू नका."

फाटलेलं पुस्तक सुलोचनानं कधी टाकलं नाही. घरी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, आणि पातळ कागदाच्या पट्ट्या कापून पानाला पान जोडत बसायची. आमच्या घराला जेवणाचा कमी आणि खळीचाच वास जास्त.

मग खोलीच्या छताला तडा दिसला. आधी केसाएवढा, नंतर नख जाईल एवढा. साहेब लोक आले, वर बघितलं, टाकी धोक्याची आहे म्हणाले, लाल अक्षरांची पाटी लावून गेले. त्यांचं खरंच होतं. पण नवी टाकी होईपर्यंत वस्तीला हिचंच पाणी, म्हणजे रोज ती भरायचीच. सुलोचनानं तीच खळ घेतली आणि स्टुलावर चढून तड्यावर आडवी पट्टी चिकटवली. "ही फाटली म्हंजी भेग हालली," म्हणाली. तेव्हापासून कुलूप काढलं की आधी मान वर. टेबल तिनं लांब बदामाच्या झाडाखाली नेलं. पुस्तकाचं नाव सांगायचं, ती एकटी आत जाऊन आणणार. एकदा हौसा मागोमाग शिरली, तर दंडाला धरून बाहेर काढली.

"मरायचंय व्हय गं तुला?"

"आन तुमी काय अमरपट्टा घेऊन आलाय, काकू?"

"माझं सोड. माझी भाकरी हाय हितं."

पट्टी फाटायची, ती नवी लावायची. कधी दोन-चार महिने टिकायची, कधी आठवडाही नाही. टाकी भरत आली की त्या खोलीत कुठून तरी कण्हल्यासारखा आवाज यायचा... मी इतकी वर्षं टाकीपाशी काढली, तसला आवाज आधी कधी ऐकला नव्हता. सगळी वस्ती वर बघत होती, मीही बघत होतो. स्टुलावरून उतरताना तिला दम लागत होता, पाय सुजत होते. मरण वरून येईल म्हणून सगळे वाट बघत बसलो, आणि ते दारातून चालत आलं.

वाचनालयाचे कार्यवाह दोनदा येऊन गेले. "वहिनी, पुस्तकं मुख्य वाचनालयात नेतो. जागा मिळाली की शाखा पुन्हा सुरू करू."

"बाजाराकडची शाखा नेलीत, ती आली का परत?"

त्या शाखेची पुस्तकं गोदामात पडली होती. सुलोचना जाऊन बघून आली होती. वाळवीनं गठ्ठ्यांची माती केलेली. छत पडायची तिला फारशी भीती नव्हती. भीती होती ती पुस्तकं वस्तीबाहेर जायची. म्हणायची, एकदा गेली की आमच्या बाया पुन्हा नुसत्या नळापाशी उभ्या.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं. आत मी एकटा. दारापासून गल्ली ओलांडून माझ्या घरापर्यंत बाया रांगेनं उभ्या राहिल्या, पाण्याला राहतात तशाच, आणि हातोहात पुस्तकं चालली. हौसा ओरडली, "काका, आज लई येळ सोडलंत की!" कोणी हसलं, कोणी पदर तोंडाला लावला. शेवटचा गठ्ठा उचलून वळलो आणि मागं छताचा मोठा पोपडा स्टुलावर पडला... मी वर बघितलं नाही. सरळ चालत बाहेर आलो.

आता पुस्तकं माझ्या दोन खोल्यांत आहेत. कार्यवाहांचा निरोप आला, पुस्तकं संस्थेची आहेत, गाडी पाठवतो. मी म्हटलं, पाठवा. वस्तीतच दुसरी खोली दाखवा, मीच भरून देतो गाडीत. नाहीतर गाडी रिकामी जाईल.

परवा आणखी जागा करायला तिची लोखंडी पेटी सरकवली. मागं भिंतीला तडा. आणि तड्यावर आडवी कागदाची पट्टी, मोरचुदानं कडा निळसर झालेली. तिच्याच हातची. मला कधी बोलली नाही. पट्टी मधोमध फाटलेली... आणि त्याच भिंतीला मी छतापर्यंत पुस्तकं टेकवली आहेत. सरकवायला दुसरी भिंत नाही.

काल मैदा आणला. पहिली खळ करपली, दुसरी जमली. तिच्या पट्टीला हात लावला नाही, शेजारी नवी लावली. सकाळी उठलो की आधी मान तिकडं वळते. टेबल बाहेर ओट्यावर काढलं आहे. आज हौसानं उंबऱ्यात पाय टाकला तर असा ओरडलो की ती जागीच थांबली. मग हळूच म्हणाली, "काकूवानीच वराडला."

वाचायला या. ओट्यावर बसा, पुस्तकाचं नाव सांगा. आत मी एकटा जातो.