पंतांचं लंघन

माझी पत्नी कुंदा श्रावणात गेली. त्या दिवसापासून महाडच्या घरात मी आणि तिचे दोन ससे राहिलो. तिच्या मामांचं येणंजाणंही तेव्हाच सुरू झालं.

महाडपासून पोलादपूरपर्यंत मामांनी ज्याला कधी उपाशी ठेवलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मामा एस.टी.त कंडक्टर होते आणि त्यांची उभी हयात कशेडी घाटात लोकांच्या उलट्या बघण्यात गेली होती. त्यातून त्यांना एक तत्त्वज्ञान सापडलं होतं. माणसाची सगळी दुखणी पोटात काहीतरी असल्यामुळे होतात. पोलादपूरच्या स्टँडवर कोणी भज्यांचा पुडा घेऊन गाडीत चढू लागला, की मामा दारात आडवे होत. "आधी घाट उतर, मंग भजी खा." निवृत्तीनंतर घाट सुटला, तत्त्वज्ञान सुटलं नाही. ताप आला, लंघन. पाय मुरगळला, लंघन. शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांना दिवसभर लिंबूपाण्यावर ठेवलं, आणि पुढे अधिक चांगलं स्थळ आलं त्याचं श्रेयही घेतलं. कुंदा गेल्यावर मला जेवण जात नसे. त्याचं कौतुक करणारे नातेवाईक मामा एकटेच.

ससे कुंदाने दोन्ही माद्या समजून आणले होते. त्यातल्या सगुणेला पिल्लं झाली तेव्हा दुसरा नर निघाला आणि त्याचे पंत झाले. पिल्लं लोकांना देऊन झाली आणि दोघांच्या मध्ये जाळी आली. दिवसभर ते जाळीला नाकं लावून समोरासमोर बसत. पंतांचं ऑपरेशन करून घेऊ आणि जाळी काढू, असं कुंदा शेवटच्या आजारातही म्हणायची. ते राहून गेलं होतं. मी हे बोलता बोलता मामांना सांगितलं आणि त्यांनी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून दिवस ठरवूनच आणला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते मुक्कामाला आले आणि मला न सांगता पंतांचा पाला उचलून ठेवला. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, याने काय खाल्लंय? मामा छाती काढून म्हणाले, "काल सांजपास्नं कडक उपास. भूल द्यायची, म्हंजे ओकायला नको."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ससा ओकू शकत नाही, ते म्हणाले. त्याला उपाशी ठेवायचं नसतं; त्याचं पोट थांबलं की ससाच थांबतो.

"ओकतच नाय?" मामांनी विचारलं. "आख्ख्या जन्मात?"

कशेडी घाट रातोरात सपाट झाल्याचं कोणी सांगितलं असतं, तरी त्यांचा चेहरा इतका उतरला नसता. डॉक्टरांनी आधी पंतांना दूर्वा खाऊ घातल्या आणि उन्हं चढल्यावर ऑपरेशन केलं. आम्ही निघताना त्यांनी मामांच्या खिशातली हळदीची पुडी काढून घेतली. जखम कोरडी ठेवा, ऊब द्या, टाके चाटू देऊ नका. काही आठवडे जाळी राहू द्या, नाहीतर अजूनही पिल्लं होतील. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "पण आधी त्याने खाल्लं पाहिजे. दिवेलागणीपर्यंत तोंड लावलं नाही, तर तसाच उचलून आणा."

घरी आल्यावर मामांनी अंगातला कंडक्टरचा खाकी कोट काढला. निवृत्तीनंतरही तो त्यांनी उन्हाळ्यातसुद्धा सोडला नव्हता. तो खोक्यात अंथरून त्यांनी पंतांना वर ठेवलं. पंत पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसले. कोथिंबीर पुढे केली, मान वळवली. मुळ्याचा पाला, तेच. दुपार कलली. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या हातातले पुडे काढून घेतले, तो जमिनीवर पालथा पडून एका सशाची मनधरणी करत होता.

"माझ्यापायी गेला तर कुंदीला काय तोंड दाखवू?" ते एकदाच म्हणाले. मग उठून परसात गेले आणि केळीची पानं कापून आले. एक पंतांपुढे मांडलं, एक जाळीपलीकडे सगुणेपुढे, एक स्वतःपुढे आणि एक माझ्यापुढे. सशांना कोथिंबीर वाढली, आम्हांला सकाळचा भात. मी म्हटलं, मला भूक नाही.

"जावईबापू, पंगतीत एकानं हात आखडला की सगळी पंगत अडते. त्यो तुमच्याकडं बघतोय."

पंत माझ्याकडे बघत नव्हते. तरी मी घास घेतला. जाळीपलीकडून सगुणेचा कुरुकुरु आवाज येऊ लागला. मी आणखी एक घास घेतला. पंतांचं नाक हललं. त्यांनी एक काडी ओढली, थोडा वेळ तशीच तोंडात धरली आणि मग खायला लागले. मामांनी मला हाताने खुणावलं, थांबू नका. त्या दिवशी मी पान पुसून जेवलो.

सकाळी मी उठलो तेव्हा मामा खोक्यापाशी उभे होते. तळहातावर काळ्या वाटाण्यासारख्या लेंड्या होत्या आणि त्या ते प्रसादासारख्या धरून होते. "डबल बेल दिली," ते म्हणाले. "सुटली गाडी."

आता गुडघ्यांमुळे मामांना एस.टी.ची पायरी चढवत नाही. लंघनावरचा त्यांचा विश्वास तसाच आहे. फक्त ससे आणि जावई यांना त्यांनी त्यातून वगळलं आहे. कोट त्यांनी परत मागितला नाही. पंत आणि सगुणा त्याच्यावर झोपतात. जाळी मी काढून ठेवली आहे. दोन्ही वेळा जेवतो.