धास्तीकाकूंची स्क्रॅपबुक पार्टी

गॅस बंद केलाय का हे बघायला धास्तीकाकू एकदा सख्ख्या भाच्याच्या लग्नातून, मुठीत अक्षता तशाच धरून, बदलापूरहून रिक्षाने अंबरनाथला परत आल्या होत्या. गॅस बंद होता. मग आल्यासारखं त्यांनी आमचंही दार वाजवलं, आमचा गॅस तपासला, माझ्या हातचा घोटभर चहा घेतला, तो झाल्यावर गॅस पुन्हा तपासला आणि त्याच रिक्षाने परत गेल्या. तोवर तिकडे मंगलाष्टकं होऊन पंगती उठल्या होत्या. मुठीतल्या अक्षता त्यांनी आइस्क्रीम खाणाऱ्या नवरानवरीच्या डोक्यावर टाकल्या. यातलं एक अक्षर खोटं असेल तर आमच्या इमारतीची लिफ्ट उद्यापासून चालू होईल.

त्यांचा फ्लॅट आमच्या समोरचा, चौथ्या मजल्यावर. खरं नाव सुनंदा, पण सगळी इमारत धास्तीकाकू म्हणायची, तेही तोंडावर. त्यांना राग नव्हता. "म्हणा गं. कुणीतरी घ्यायला हवी ना धास्ती? तुम्ही सगळ्या झोपा काढताय," म्हणायच्या. माहेर बदलापूरचं, नदीकाठचं. लहानपणी घरात पुराचं पाणी शिरलं होतं, ते त्यांच्या डोक्यातून ओसरलंच नाही. म्हणून चौथ्या मजल्यावरही तांदळाचा डबा, काकांचे बूट आणि गादीखालची चादरसुद्धा माळ्यावर. मी एकदा म्हटलं, "काकू, इथवर पाणी चढलं तर त्याआधी अख्खा ठाणे जिल्हा बुडालेला असेल."

"नाही म्हणजे, चढणार नाही," त्या म्हणाल्या, "पण चढलं तर?"

हे त्यांचं वाक्य. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, दिवसातून चार शब्द बोलायचे, त्यातले दोन चहासाठी. पण एकदा म्हणाले, "वैशाली, लोक पगारावर संसार करतात. मी हिच्या 'पण'वर केला."

अशा या बाईच्या पदरात देवाने ओवी टाकली. ओवी त्यांची नात, नऊ वर्षांची. मुलगा मंदार आणि सून दोघांनाही मस्कतला नोकरी लागली, तिथलं बस्तान बसेपर्यंत पोरगी आजीकडे. आली त्याला नऊ महिने होत आले होते, पण ती घराबाहेर एक शब्द बोलली नव्हती. जिन्यात मी हाक मारली की ती भिंतीत शिरायची. शिरायची म्हणजे खरोखर, रंग खरवडून निघायचा. शाळेतून आली की घरात बसून जुन्या मासिकांतली चित्रं कापायची आणि वहीत चिकटवायची. एकदा मंदारचा फोन आला. तो म्हणाला, "आई, जूनपर्यंत रुळली नाही तर पाचगणीच्या हॉस्टेलला घालू. तिथे मुलींमध्ये राहील तरी. मी येऊन बघतो आणि ठरवतो."

त्या फोननंतर काकूंचं वजन एका रात्रीत इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "हॉस्टेलात रात्री दचकून उठली तर कोण आहे गं तिथे? तिला एक मैत्रीण मिळाली पाहिजे. एकच. मी मागत नाही जास्त." मग घसा खाकरून म्हणाल्या, "तिला कापाकापी आवडते ना? त्याला हल्ली स्क्रॅपबुक म्हणतात. आपण इमारतीतल्या मुलींची स्क्रॅपबुकची पार्टी करू."

'आपण' हा शब्द ऐकला आणि माझ्या मे महिन्याचं काय होणार ते मला कळलं.

पहिला प्रश्न कात्रीचा. टोक असलेली कात्री काकूंना चालणार नव्हती. शेवटी त्यांनी आणल्या त्या कात्र्यांनी श्रीखंडसुद्धा कापलं गेलं नसतं. मग गोंद. गोंदाने मुलींच्या हाताला पुरळ उठलं तर? म्हणून काकूंनी तो दिवसभर स्वतःच्या दंडाला फासून ठेवला. पुरळ उठलं नाही, पण संध्याकाळी भाजीवाल्याकडची मेथीची अर्धी जुडी दंडावर घेऊन घरी आल्या.

सजावटीसाठी आम्ही शेअर रिक्षाने उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनला. तिथे जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत कापडाचे तुकडे, चेन, रिवेटची बटणं, लेबलं पोत्याने मिळतात. काकूंनी पोतं उघडायला लावलं आणि पिशवीतून फ्रिजवरचं लोहचुंबक काढून त्या पोत्यात फिरवायला लागल्या. शिलाई मशीनची तुटकी सुई राहिली असेल तर?

दुकानदार म्हणाला, "माताजी, सोना ढूंढ रहे हो क्या?"

"सुई, भाऊ. छोटी बच्चियाँ हैं."

"अरे माताजी, ये कतरन है, कचरा है. कचरे में क्या गॅरंटी?"

"तुम्हारी गॅरंटी मैं माँगतीच नहीं," काकू म्हणाल्या आणि फतकल मारून खाली बसल्या. अर्ध्या गल्लीची मशीनं थांबली. एक सुई निघाली. खरंच निघाली! काकूंनी ती दोन बोटांत धरून वर केली तेव्हा गल्लीतले सगळे शिंपी असे गप्प झाले की लांबवरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. दुकानदाराने हात जोडून पोतं रिक्षात स्वतः चढवलं.

राहिले फोटो. स्क्रॅपबुक म्हणजे फोटो हवेतच. पण मुली घरच्या अल्बममधले मूळ फोटो उचलून आणतील, त्यात कुणाच्या तरी आजोबांचा एकुलता एक फोटो असेल आणि तो कातरला जाईल, या धास्तीने काकूंनी इमारतीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की मुलींचे आवडते फोटो मोबाइलवर पाठवा, छापून मी आणते. आयांनी पाठवले. माझ्या मुक्ताचा उंटावरचा. दुसऱ्या मजल्यावरच्या कशिशचा वाढदिवसाचा, नाकाला केकचं क्रीम लागलेला. ही कशिश सिंधी कुटुंबातली, आवाज असा की ती खाली खेळायला उतरली की कल्याणपर्यंतची कबुतरं उडायची. काकूंना तिचीच सगळ्यात जास्त भीती. "ती पोर ओवीला एका घासात खाईल गं," म्हणायच्या. ओवीचा फोटो होता आईबरोबरचा, विमानतळावर निघताना काढलेला.

स्टेशनजवळच्या फोटोवाल्याला काकूंनी बजावलं. चेहरा स्पष्ट हवा. डोळे उघडे हवेत. पुसट चालणार नाही. "नीट करा हो, माझ्या नातीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." तो म्हणाला, "काकू, निर्धास्त राहा." हे काकूंना सांगणं म्हणजे माशाला कोरडा राहा म्हणण्यासारखं. दोन दिवसांनी त्या पाकिटं घेऊन आल्या, पण बोटांचे डाग पडतील म्हणून एकही उघडलं नाही.

पार्टीच्या दिवशी हॉलमधलं सगळं फर्निचर बेडरूममध्ये गेलं. काकाही त्याच्यासोबत गेले. चटईवर दहा-बारा मुली बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. ओवी खिडकीखाली, गुडघ्यांत हनुवटी घालून. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा रिकामी. काकूंनी पाकिटं वाटली, मुलींनी ती उघडली.

सगळे फोटो पासपोर्ट साइज! शाळाप्रवेशाचा मोसम, त्यात चेहरा, डोळे, नातीचं आयुष्य असं सगळं ऐकल्यावर फोटोवाल्याला वाटलं की हे फॉर्मला लावायचे. त्या शहाण्याने प्रत्येक मुलीचं मुंडकं कापून निळ्या पडद्यावर बसवलं होतं, एका कार्डावर आठ. मुक्ताचा उंट गेला. केक गेला, कशिशच्या नाकावरचं क्रीम तेवढं राहिलं, आठही वेळा. ओवीच्या फोटोतली आई गेली होती. फक्त ओवीच्या खांद्यावर ठेवलेली तिची चार बोटं त्याला पुसता आली नव्हती.

काकूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "संपलं गं वैशाली. आता या उठून जातील. तिच्या आईलाच कापून टाकलं त्याने. आता तर ती कायमची मिटेल. मंदार येईल आणि घेऊन जाईल तिला."

"काकू, श्वास घ्या."

"तू घे माझ्या वाटचा."

आम्ही दाराच्या फटीतून बघायला लागलो. मुली थोडा वेळ आपापल्या आठ तोंडांकडे बघत बसल्या. स्वतःचाच चेहरा आठ वेळा कुठे चिकटवणार? मग कशिशचा आवाज फुटला. "ए मुक्ता, तुझा एक दे ना. मैं मेरा देती. नाकवाला!" मुक्ताने दिला. झालं, बाजार सुरू झाला. "मला पण!" "तुझे दोन दे, ह्यात तू हसतेयस." "सगळे सेमच आहेत, येडी!" उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांनी बघून शिकावं अशी देवघेव. जिच्या तिच्या वहीत सगळ्यांची तोंडं जाऊ लागली.

ओवीचं कार्ड मात्र तिच्या पुढ्यात तसंच. आठच्या आठ फोटो. तिने कुणाला विचारलं नाही, तिला कुणी विचारलं नाही. माझ्या मनगटावर काकूंची नखं रुतायला लागली. "मी जाते. सांगते त्यांना, ओवीचा पण घ्या म्हणून."

"जायचं नाही."

"अगं, नुसतं जरा..."

"काकू, तुम्ही सांगून घेतला तर तो तुमचा फोटो होईल, तिचा नाही." असं मी म्हटलं आणि दारात आडवी उभी राहिले. माझा देह असा आहे की मी दारात उभी राहिले की उजेडसुद्धा खिडकीने येतो. काकूंनी माझ्या काखेखालून बघायला सुरुवात केली.

ओवीने कार्ड उलटं करून ठेवलं.

तेवढ्यात कशिश गुडघ्यांवर रांगत खिडकीकडे आली. तिने सरळ कार्ड उचललं. "ए, तुझा कोणी नाही घेतला? मला दोन दे. एक फाटला तर." मग फोटो नाकाशी नेऊन म्हणाली, "ये उंगली किसकी है? भूत आहे काय मागे?"

काकू माझ्या मागे पुटपुटल्या, "मेले."

ओवीचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही.

"क्या? जोरात बोल ना."

"आईची," ओवी म्हणाली.

"मग बाकी आई कुठेय?"

"मस्कतला."

कशिशने विचार केला. तिला विचार करताना मी प्रथमच पाहत होते. मग म्हणाली, "अर्धी आई कशी चिकटवायची? पूरी बनाते हैं." आणि तिने तो फोटो वहीच्या पानावर चिकटवला, त्या चार बोटांपासून पेनने एक हात बाहेर काढला, हाताला खांदा, खांद्याला डोकं. पोत्यातला जीन्सचा तुकडा घेऊन आईला पँट घातली. पँटला चेन लावली, खरीखुरी, उघडमीट होणारी. ते बघून मुक्ता धावली. "मला पण दे, मी साडीतली करते!" मग सगळ्याच. ओवीचे आठही फोटो हां हां म्हणता गेले आणि आठ पानांवर आठ आया उभ्या राहायला लागल्या. एकीला लेबलांची वेणी, एकीला बटणांचे डोळे. एका पोरीने उत्साहाच्या भरात दोऱ्याची मिशी लावली.

"माझ्या आईला मिशी नाहीये!"

हा आवाज ओवीचा. असा खणखणीत की बेडरूममधून काका उठून आले.

"मग सांग ना कशी आहे!" कशिश तिच्यावर ओरडली.

"केस इथपर्यंत आहेत. आणि ती एवढी जाडी नाहीये! आणि चष्मा लाव. ए, तो पेन दे, तुला नाही येत!" म्हणत ओवी चटईवरून उड्या टाकत एका वहीवरून दुसऱ्या वहीवर जाऊ लागली, हिच्या वहीतल्या आईला नाक, तिच्या वहीतल्या आईला पर्स, आणि बोलत होती, बोलत होती, नऊ महिन्यांचं साठलेलं एकदम.

मी मागे वळले. काकू ओट्याला धरून उभ्या, डोळ्यांतून धारा. मला वाटलं आता तरी ही बाई सुखाने दोन अश्रू ढाळतेय. पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "एवढं ओरडतेय. घसा बसेल गं तिचा."

जूनमध्ये मंदार आला. पोरगी घरात नव्हती. काकू त्याला घेऊन खाली दुसऱ्या मजल्यावर गेल्या. कशिशची आई म्हणाली, "अभी तो यहीं थी, दाल पकवान खाके गई." पहिल्या मजल्यावर कळलं, ओवी गच्चीवर. गच्चीवर कळलं, आवारात. तळमजल्याला पोचेपर्यंत तो बिचारा घामाने निथळला. तिथे त्याची लेक पाण्याच्या टाकीवर उभी राहून कुणालातरी भांडणात हरवत होती, घसा खरंच बसलेला. हॉस्टेलचा विषय त्याने काढला नाही, कुणी काढूही दिला नाही.

मग मस्कतचं बस्तान बसता बसता चांगली तीन-चार वर्षं गेली. काकूंना रोज नव्या काळज्या मिळाल्या. ओवी टाकीवरून पडेल. सिंधी शिव्या शिकेल. (शिकली. मीही शिकले.) आणि एक दिवस मंदार आणि सून कायमचे परत आले, नोकऱ्या पुण्यात, घर पुण्यात. ओवी जाणार, आणि तिच्याबरोबर आजीआजोबाही.

सामानाचा टेम्पो पुढे गेला. गाडी फाटकाशी उभी. ओवी कशिशच्या गळ्यात पडून अशी हमसून रडत होती की वॉचमनने तोंड फिरवलं. मंदार तिला सोडवायला गेला, सून गेली, कुणालाही ती सुटेना. काकू मागच्या सीटवर बसून हे सगळं काचेतून बघत होत्या. मी खिडकीशी वाकले. म्हटलं, आता सूचना येतील, पाण्याच्या, विजेच्या, कुलपांच्या.

काकूंनी माझा हात धरला. "वैशाली, मी आयुष्यभर सगळ्याची काळजी केली गं. तिला कुणी मिळेल ना, एवढाच ध्यास घेतला. मिळाल्यावर सोडताना तिचं काय होईल, ही एवढी एकच काळजी करायची माझी राहून गेली."

त्यांच्या साडीचा काठ दाराबाहेर लोंबत होता, तो मी नीट आत सरकवला आणि दार लावून घेतलं.