पंखांच्या हत्तिणीचं बाळंतपण

लिहायला बसण्यापूर्वी डॉक्टरबाई कोपरापर्यंत हात धुवायच्या. साबण लावून, नखांच्या कडा घासून, अगदी ऑपरेशनला जायचं असावं तशा. मग ओले हात वर धरून टेबलापाशी यायच्या आणि लॅपटॉपचं झाकण मला उघडायला लावायच्या. "सवय आहे गं," म्हणायच्या. "जाता जात नाही."

कोलकात्यात, बालीगंजच्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, मी खालच्या. माझी मुलगी त्यांच्याच हातून जन्मली. कळा सुरू झाल्यावर मी रडून गोंधळ घातला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "घाबरायची वेळ आली की मी सांगेन." हे वाक्य त्या सगळ्यांना ऐकवायच्या. बाळंतिणीला, तिच्या नवऱ्याला, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या शेजाऱ्यांनासुद्धा. ती वेळ आल्याचं त्यांनी कोणाला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता त्या नाहीत. लोक त्यांनी केलेल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगतात. मला त्यातलं एकच सांगायचं आहे, आणि ते कुठल्याही दवाखान्यात झालेलं नाही.

निवृत्तीनंतर त्या जरा आराम करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी एक राज्य वसवलं. ढगांच्या वरचं, पंख असलेल्या हत्तींचं, आणि तेही मराठीत. घर मराठी, पण जन्म कोलकात्यातला, बोलणं दिवसभर बंगाली, या बाईंनी एवढी मराठी कुठे जपून ठेवली होती कोण जाणे. डॉक्टरबाईंना उडते हत्ती दिसायला लागले म्हणून आमच्या मराठी मंडळात लोक हसले. तुम्हीही हसला असतात. मग पुण्याच्या प्रकाशकाने पहिली कादंबरी छापली, ती खपली, आणि तीच मंडळी पाहुण्यांना 'आमच्या डॉक्टरबाई' म्हणून त्यांची ओळख करून द्यायला लागली.

दुसऱ्या कादंबरीच्या शेवटी दोन फौजा समोरासमोर उभ्या आहेत आणि ऐन वेळी राजाची हत्तीण अडते. पिल्लू आडवं, त्यात त्याला पंख. राज्यातली सुईण मैदानात येते आणि दोन्ही सेनापतींना सांगते, हिची सुटका होईपर्यंत थांबा.

हा प्रसंग लिहिण्यापूर्वी बाईंनी मला बाजाराची पिशवी घेऊन वर बोलावलं. मी पिशवी तोंड खाली करून धरली. त्यांनी आत एक अर्धवट उघडी छत्री कोंबली आणि डोळे मिटून, नुसत्या हाताच्या अंदाजाने, एकेक काडी मिटवत ती बाहेर काढायला लागल्या. अख्खी सकाळ त्यात गेली. छत्री मोडली, पिशवी फाटली.

"पिशवी फाटून चालणार नाही," त्या म्हणाल्या, आणि दुसरी मागितली.

लिहून झालं. काही दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. मी शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता. "बाई, लिहिलंय झकास," ते म्हणाले, "पण युद्धाला चार पानं आणि बाळंतपणाला तीस? वाचक कंटाळेल हो. माझं ऐका, दोन पानांत आटपा."

त्यांनी फोन ठेवला. त्यांना डळमळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आयुष्यभर हेच बघितलं मी," त्या म्हणाल्या. "बाई तिकडे मरणाशी झुंजायची आणि बाहेर सगळ्यांचं सगळं चालू असायचं. मला वाटलं, निदान गोष्टीत तरी जगाने थांबून बघावं." मग म्हणाल्या, "मंडळात वाचून बघते. लोकांनी चुळबुळ केली तर माझ्या हातानेच कापीन."

मंडळाच्या हॉलमध्ये पुढे आपली माणसं बसली. मागच्या रांगांत त्यांच्या जुन्या पेशंट होत्या, सगळ्या बंगाली. मराठीचा गंध नाही, पण आपल्या डॉक्टर दीदींना भेटायला आल्या होत्या. बाई वाचायला उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, कोण मोबाइल काढतो ते बघत होते. पुढच्या रांगेत एकाने काढलाच.

एक पंख मिटला. दुसरा अडकला. बाईंची नजर कागदावरून केव्हा उठली कळलं नाही. उजवा हात हवेत हळूहळू वळायला लागला. इथे सुईण म्हणते, 'अजून जरासं, बाई.' कागदावर तसंच होतं, मी वाचलेलं होतं. पण त्यांच्या तोंडून आलं ते बंगालीत. "आर एकटू, मा. आर एकटू."

लेबर रूममध्ये त्या प्रत्येकीला हेच म्हणत आल्या होत्या. मागच्या सगळ्या बायका एकदम पुढे सरकून बसल्या. काय चाललंय हे आता त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मोबाइलवाला मोबाइल विसरला. माझ्या मुठी आवळल्या गेल्या होत्या.

पिल्लू बाहेर आलं, आणि मागून एकीने उलू घातली. बंगाली घरात मूल जन्मलं की बायका जिभेने काढतात तो मंगल आवाज. मग दुसरीने, मग सगळ्यांनी. आमची मराठी मंडळी माना वळवून बघत राहिली. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि डोळेही.

बाईंनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. मूल हातात आलं की डॉक्टर आधी वेळ बघतात, तसं.

"की होलो, दीदी?" मागून कोणीतरी विचारलं. काय झालं?

"मेये," त्या म्हणाल्या. मुलगी.

मग कागद नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात दिले. तीसच्या तीस.

"पुण्याला कळव," म्हणाल्या. "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."