तर-तमाची कुस्ती

वस्तादांच्या समोर कोणत्याही दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या की ते त्यांची कुस्ती लावीत. दोन केळी असोत, दोन कीर्तनकार असोत, वा सकाळच्या आणि दुपारच्या गाडीचे दोन कंडक्टर असोत. वस्ताद क्षणभर मान तिरकी करून बसत आणि मग निकाल सांगत, ‘सकाळचा कंडक्टर धा मिन्टांत चीत.’ या निकालावर अपील नसे. एकदा त्यांनी माझ्यासमोरच माझी आणि माझ्या आधीच्या संस्कृत शिक्षकांची कुस्ती लावली. ती बरोबरीत सोडवल्याचे त्यांनी मला सांगितले. त्यांच्या सौजन्याचा तो कळस होता.

वाईच्या पाठशाळेत शिकून मी म्हसवडच्या शाळेत संस्कृत शिकवण्यास आलो, तेव्हापासून वस्ताद आमच्या समोरच्या घरात होते. त्यांचे बालपण मेंढरांमागे गेले, तारुण्य तालमीच्या मातीत गेले, आणि साठीनंतर पंचक्रोशीतील जत्रांमध्ये कुस्तीचे पंच म्हणून त्यांना मान मिळू लागला. पत्नी निवर्तली होती. मुलगा फौजेत होता. वडिलांना सोबत म्हणून त्याने सुट्टीवर येताना एक रंगीत टीव्ही आणला. वस्तादांनी त्याच्याकडे काही काळ पाहिले आणि म्हणाले, ‘सुनंपेक्षा बरा. बटण तरी हाय.’ सून आणण्याचा विषय त्या सुट्टीपुरता मिटला.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी रविवारी सकाळी ‘ध्रुवापार’ नावाची एक हिंदी मालिका लागे. अंतराळात भटकणारे एक यान, त्याचा कप्तान, एक लोखंडी नोकर आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह, असा तिचा प्रपंच होता. गावात तिला ‘धुरपार’ म्हणत. वस्तादांच्या घरी दहा-बारा माणसे जमत. त्यांत आरोग्य केंद्रातील नर्स असत. त्या मूळच्या कवठे महांकाळच्या. त्यांना सारे सिस्टरबाई म्हणत. त्या पुढच्या रांगेत बसत आणि कोणी मध्ये बोलले तर त्याच्याकडे, पुढचे इंजेक्शन त्यालाच द्यावयाचे असल्याप्रमाणे, पाहत.

मी त्या वेळी वस्तादांच्या ओसरीवर, पडद्याकडे पाठ करून बसे. रविवारी सकाळी देवळासाठी वाती वळण्याचा माझा नेम होता, आणि त्या वेळी आमच्या ओसरीवर ऊन येई. वाती वळताना दृष्टी अन्यत्र जाऊ देऊ नये, असे मला वडिलांनी शिकवले होते. कानांविषयी त्यांनी काही सांगितले नव्हते.

सव्वीस भागांनंतर मालिका संपली आणि त्याच क्षणी त्या घरात वाद सुरू झाला. सर्वांत चांगला भाग कोणता, आणि सर्वांत टाकाऊ कोणता. माणसे एकाच वेळी बोलू लागली. वस्तादांनी मांडीवर थाप मारली. ‘गलका करू नगा. सव्वीस पैलवान हायेत. जोडी लावा.’ मग त्यांनी मला हाक मारली. ‘गुरुजी, तुमी पंच.’

मी म्हणालो, ‘वस्ताद, मी एकही भाग पाहिलेला नाही.’

‘म्हनूनच. तुमाला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी निवाडा सरळ द्याल.’

माझ्या विद्वत्तेचा असा गौरव पूर्वी कोणी केला नव्हता. मी पद स्वीकारले आणि प्रारंभी व्याकरणातील एक नियम सर्वांस समजावून सांगितला. दोघांत सरस ठरवायचा असेल तर ‘तर’ हा प्रत्यय लागतो, अनेकांत ठरवायचा असेल तर ‘तम’. प्रियतर, प्रियतम. वस्ताद प्रसन्न झाले. ‘म्हंजे तमाला पोचायचं तर तराच्या कुस्त्या जितत जायाला पायजेत. ह्ये तुमच्या संस्कृतात कुना पैलवानानंच घातलं असनार.’ मी चाळीस वर्षे हा नियम शिकवला. इतका नेमका अर्थ एकाही विद्यार्थ्याने सांगितला नाही.

पुढे कितीतरी रविवार त्या अंगणात कुस्त्या झाल्या. प्रत्येक भागाला गावाने आपले नाव दिले होते. ज्याचा भाग असेल त्याने उभे राहून त्याची बाजू मांडायची, मग हात वर करायचे, मी ते मोजून वहीत लिहायचे, आणि बरोबरी झाली तर निकाल द्यायचा. ‘जुळ्या कप्तानांचा’ आणि ‘लोखंडी नोकर रडतो तो’ यांची कुस्ती दोन रविवार चालली.

‘लोखंडाला रडू येतंय तर त्याला तेल कशाला घालायचं?’ सिस्टरबाई म्हणाल्या.

‘त्याचं रडनं ऐकलं का न्हाई तुमी?’ वस्ताद म्हणाले. ‘पत्र्यावर गारा पडाव्यात तसं रडत हुता. माझी म्हैस सुदीक उटून हुबी ऱ्हायली.’

‘म्हशीचा हात मोजायचा न्हाई गुरुजी.’

बरोबरी झाली. मी लोखंडी नोकराच्या बाजूने निकाल दिला.

हरलेल्या भागाची कोणी टर उडवली तर मात्र वस्तादांना खपत नसे. ‘मातीत उतरला तो पैलवान. त्याची पाट पुसायची, पाटीवर बोलायचं न्हाई.’ त्यामुळे सर्वांत खालचा क्रमांक ठरवण्याचे काम फार जिकिरीचे झाले. शेवटी एका भागावर येऊन ठेपले. त्याला सारे ‘मुका’ म्हणत. त्यात यान बिघडते, कप्तान एकटा बाहेर जाऊन ते दुरुस्त करतो, आणि अर्धा तास कोणी एक शब्दही बोलत नाही. सिस्टरबाईंचा तो सर्वांत लाडका भाग होता.

‘आठवडाभर मी लोकांचं कण्हणं ऐकते,’ त्या म्हणाल्या. ‘त्या रविवारी टीव्ही पयल्यांदा गप बसला. माझ्या लेखी त्योच पयला.’

‘त्यात हाय काय?’ वस्ताद म्हणाले. ‘निस्तं धुकं. कोन कुटं गेलं कळत न्हाई.’

‘धुकं? आवं वस्ताद, यान सूर्यापाशी गेलेलं. डोळं दिपत हुते.’

‘दिपलं आसतील. माझं न्हाई दिपलं.’

माणसे हसली. हात वर झाले. पुन्हा बरोबरी. मी ‘मुका’ हरल्याचे सांगितले आणि वहीत त्याला सव्विसावा क्रमांक दिला. सिस्टरबाई उठून माझ्यापुढे आल्या.

‘गुरुजी, दर येळंला तुमी वस्तादांचीच बाजू घेता. हा भाग तर तुमी बघितलाबी न्हाई.’

‘बाई, पाहिला नाही, पण ऐकला.’

‘मुका भाग ऐकला?’

मी वही मिटून घेतली.

दुसऱ्या दिवशी आन्हिक आटोपल्यावर मी वही काढून बसलो. पक्षपाताचा आरोप पंचाने मनावर घ्यावा असे मला वाटते. मी वस्तादांची बाजू घेत नव्हतो. मला जे ऐकून आवडले होते त्याच्या बाजूने मी निकाल देत होतो. ज्यांत संवाद, रडणे, वादळ, घंटा, ते भाग वर. ज्यांत शांतता, ते खाली. आणि वस्तादांचे प्रत्येक मत अगदी तसेच होते. आपली रसिकता जुळते, याचा मला काही काळ अभिमानही वाटला होता. आता मात्र मनात शंका उभी राहिली. मी पाठ करून बसलो होतो. वस्ताद तर पडद्यासमोर बसलेले. ज्याने केवळ ऐकले आणि ज्याने पाहिले, त्यांची मते एकदाही वेगळी होऊ नयेत, हे कसे?

मी दोन डाळिंबे घेतली, समोरच्या घरी गेलो, आणि न बोलता ती वस्तादांपुढे फळीवर शेजारी शेजारी ठेवली. एक मोठे आणि लालबुंद होते, दुसरे किडके. वस्ताद माझ्या दिशेने पाहत होते. त्यांनी मान तिरकी केली नाही. त्यांनी कुस्ती लावली नाही.

‘गुरुजीच न्हवं?’ ते म्हणाले. ‘गप का?’

मी म्हणालो, ‘वस्ताद, डोळ्यांना कधीपासून दिसत नाही?’

हात पुढे करून त्यांनी फळी चाचपली, त्यांना डाळिंबे लागली, आणि ते किंचित हसले. ‘लय वंगाळ डाव टाकला गुरुजी तुमी.’

दोन वर्षे झाली होती. उजेड कळे, आकार कळत नसे. माणसे ते आवाजावरून ओळखत. जत्रेत पंचाचे काम कसे करता, असे मी विचारले. ‘खांदा टेकला की मातीचा आवाज निराळा येतो, पाट टेकली की निराळा. चुकत न्हाई मी.’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘गेल्या साली वारं लय हुतं.’

‘म्हणजे?’

‘एका पोराला चीत दिला. त्यो पाय धरून सांगत हुता, पाट टेकली न्हाई म्हनून. मी ऐकलं न्हाई.’

मी त्यांना डॉक्टरांकडे चलण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. ती जत्रा दोन महिन्यांवर होती; ती झाल्यावर पाहू. डोळ्यांचे एकदा कळले की पंचाचा मान गेला. ‘आन पंच न्हाई म्हटल्यावर ह्या म्हाताऱ्याकडं येनार कोन गुरुजी? टीव्ही बघायला येत्यात ती मान्सं. त्ये शिरेल बी संपलं.’

हेच खरे दुखणे होते, आणि त्यावर संस्कृतात पुष्कळ वचने असली तरी एकही उपयोगी पडण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, ‘मग आपणच जोड लावा. एका बाजूस जत्रा, दुसऱ्या बाजूस दृष्टी.’

आता त्यांनी मान तिरकी केली. पुष्कळ वेळ ती तशीच राहिली.

‘ही जोड लागत न्हाई,’ ते म्हणाले. ‘वजनात लय फरक हाय.’

कोणते जड, हे त्यांनी सांगितले नाही, आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पण संध्याकाळी त्यांनी स्वतःच सिस्टरबाईंना बोलावून घेतले. बाईंनी बॅटरी डोळ्यांवर धरली. ‘मोतीबिंदू पिकून दगड झालाय,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी बॅटरी विझवली. ‘आन माझा मुका तुमी ह्या डोळ्यांनी पाडला.’ हे वाक्य त्या पुढे अनेक वर्षे म्हणत असत.

सिस्टरबाईंनी रजा काढली आणि आम्ही तिघे मिरजेस गेलो. त्याआधी वस्ताद मला घेऊन त्या जत्रेच्या गावी गेले. पंचमंडळींपुढे उभे राहून त्यांनी सांगितले, ‘औंदा पंच दुसरा बघा. माझं डोळं गेल्यात. आन गेल्या सालचा एक निकाल मी बिनडोळ्यांचा दिलाय.’ मंडळी म्हणाली, झाले ते झाले. वस्ताद म्हणाले, ‘तुमचं झालं. माझं व्हायचं हाय.’

डाव्या डोळ्यास फार उशीर झाला होता. उजव्याने दिसू लागले. पट्टी सोडली तेव्हा मी आणि सिस्टरबाई खाटेपाशी शेजारी शेजारी उभे होतो. वस्तादांनी मान तिरकी केली. ‘सिस्टरबाई जितल्या,’ ते म्हणाले. ‘गुरुजी, तुमी लय वाळलाय.’

त्या वर्षी जत्रेस ते प्रेक्षक म्हणून गेले. ज्या मुलाविरुद्ध निकाल दिला होता त्याला त्यांनी फडात बोलावून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्याला फेटा बांधला. ‘तुजी पाट टेकली न्हवती,’ ते सर्वांदेखत म्हणाले. माणसे येईनाशी होतील ही त्यांची भीती खोटी ठरली, असे मी लिहू इच्छितो. पण ती निम्मी खरी ठरली. पूर्वी दहा-बारा येत, नंतर मी आणि सिस्टरबाई, दोघेच येत असू.

मिरजेहून परतल्यावर त्यांनी मला वही वाचावयास लावली होती. शांत भागांच्या कुस्त्या मी एकेक वाचल्या. ‘ह्या सगळ्या रद्द,’ ते म्हणाले. ‘अंधारात लावलेली कुस्ती ती कुस्ती न्हवं. पुन्यांदा शिरेल लागंल तवा बघू.’ मी त्या ओळी खोडून ठेवल्या. मालिका पुन्हा लागली नाही. जाड भिंगाचा चष्मा लावून ते दर रविवारी पडद्यासमोर बसत. ‘आज लागतीया का?’ असे ते मला विचारत, आणि मी वाती वळता वळता नाही म्हणत असे.

तीन वर्षांनी थंडीच्या दिवसांत ताप आला आणि चार दिवसांत ते गेले. आदल्या दिवशी त्यांची शुद्ध चांगली होती. मुलगा रजेवर येण्यास निघाला होता. त्याच्याविषयी बोलून झाल्यावर ते म्हणाले, ‘गुरुजी, मुका ऱ्हायला. लागला तर तुमी निकाल द्या. पर ह्या येळंला तोंड करून बसा.’

मालिका त्यानंतर वर्षभराने पुन्हा दाखवण्यात आली, दुपारच्या वेळी. ‘मुका’ लागणार होता त्या दिवशी सिस्टरबाईंनी निरोप पाठवला. मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो, हातपाय धुतले, भिंतीवरील बुद्धाच्या तसबिरीस नमस्कार केला आणि पडद्याकडे तोंड करून बसलो. सोबत कापूस नेला नव्हता. अर्धा तास मी दृष्टी हलू दिली नाही. चैत्रातल्या दुपारी आमच्या माणदेशच्या माळावर असतो तसा उजेड होता, आणि त्यात एक मनुष्य दोरीला लोंबकळत पाना फिरवून यानाचे स्क्रू आवळत होता. सिस्टरबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

‘काय?’ भाग संपल्यावर त्यांनी विचारले.

‘उजेड फार सुंदर आहे,’ मी म्हणालो.

‘मग?’

‘परंतु भाग रटाळ आहे, बाई.’

त्यांनी चहा टाकला. पाठमोऱ्या उभ्या राहून त्या म्हणाल्या, ‘म्हंजे निकाल कायम. बिनडोळ्यांचं जे कळलं हुतं तेच खरं हुतं. मग मिरजेला कशाला नेलं हुतं म्हाताऱ्याला?’

मी म्हणालो, ‘निकाल रद्द करता यावा म्हणून.’

त्यांनी कपबशी माझ्यापुढे आणून ठेवली. चहात साखर घालावयास त्या विसरल्या होत्या. मी तो तसाच घेतला.