पार्लरवालीचा डावा गाल

मुलांनो, आपल्या लातूरच्या गल्लीतली पार्लरवाली देवाच्या तीर्थाचाही आधी वास घेते. इतकी संशयी बाई मी उभ्या हयातीत पाहिली नाही, आणि मी आयुष्यभर शाळेत परीक्षांवर पहारा केला आहे. नवी क्रीम आली की आठ दिवस ती फक्त स्वतःच्या डाव्या गालाला लावायची, हा तिचा नियम. उजवा गाल तुलनेसाठी कोरा. त्यामुळे वर्षातला बराच काळ तिचे दोन गाल न पटणाऱ्या जावांसारखे दिसतात. एकदा डावी भुवई जवळजवळ गेलीच, तेव्हा पुतण्याच्या लग्नात ती सबंध वेळ भिंतीला डावी बाजू लावून उभी होती. क्रीम विकणाऱ्यांना ती विचारते, "तुमच्या बायकोला लावली का ही? फोन लावा तिला." आणि खरोखर लावायला लावते.

मागच्या उन्हाळ्यात तिची सून कुठलासा कोर्स करून आली आणि सोबत लाकडी मुठीची काशाची वाटी घेऊन आली. अशा वाटीने आपल्याकडे तळपायाला तूप घासतात, उष्णता उतरावी म्हणून. सून म्हणाली, आता हिने चेहऱ्याची मालिश करतात. पार्लरवालीने वाटीवर चमचा वाजवून नाद ऐकला. कासं अस्सल निघालं, तसा संशय सुनेकडे वळला.

"पायाची वाटी तोंडाला? गिऱ्हाइकं चपला घेऊन येतील!"

"आत्या, नवी हाय ही. पायाला लावलीच न्हाई."

"ते गिऱ्हाइकाला काय ठावं?"

मग पार्लरवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, डाव वळखा हिचा. मला घरी बसवायला बघायलीय."

धास्ती उगाच नव्हती. तिचे अंगठे वर्षभर ठणकत होते. मालिश करता करता "टॉवेल आणते" म्हणून ती आत जाई आणि अंगठे गरम पाण्यात बुडवून येई. सुनेला कळलं तर पार्लर हातचं जाईल, म्हणून तिने मला शपथ घातली होती.

रिवाजाप्रमाणे वाटी डाव्या गालावर सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी गाल राखेसारखा करडा! ती विजयी चेहऱ्याने माझ्याकडे धावत आली. "बघा!" मी साबण दिला, करडेपणा धुऊन गेला. "तेल कमी पडलं, आत्या," सून शांतपणे म्हणाली. मग तेल वाढलं. आठव्या दिवशी मला पंच म्हणून बोलावलं. मी चष्मा पुसून दोन्ही गाल पाहिले आणि खरं ते सांगितलं, "काही फरक नाही."

"गालाचं सोडा, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "अंगठा दुखला न्हाई."

"म्हणूनच तर मूठवाली आणली," मागून सून म्हणाली. "रोज एवढे टॉवेल कुणाला लागतात, आत्या?"

पार्लरवालीने वाटी हातात घेतली. नंतर माझ्यावर खेकसली, "बसा खुर्चीत! पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

वाटी कपाळावरून सावकाश फिरू लागली. तुम्ही मला फोनच्या पडद्यावर दर रविवारी दिसता, पण कपाळावरून असा हात फिरून किती दिवस झाले होते, ते मला तिथेच उमगलं.

"बरं वाटतंय का? खरं सांगा."

"हो."

"मग डोळ्यांत पाणी?"

"तेल गेलं असेल."

तेल डोळ्यांच्या जवळपासही नव्हतं. पण तिने पुढे काही विचारलं नाही, नुसतं पदराने पुसलं.