डाव्या बाजूची सीट

आमच्या शेजारचे मायाप्पाण्णा खुर्चीत टेकलेले मी आठ वर्षांत फार तर दोनदा पाहिले असतील. एरवी माणूस उभाच. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, फोनवर बोलायचं तर अंगणात फेऱ्या. तीस वर्षं लोकांच्या गाड्या हाकल्या, त्यात बसायचं होतं तेवढं बसून झालं, असं ते सांगतात. असा हा पायाला भिंगरी लावलेला माणूस गेल्या वर्षी सहा महिने नुसता बसत होता. कुठे, तर शोरूममधल्या गाड्यांत. तेही ड्रायव्हरच्या जागी नाही, डाव्या बाजूच्या सीटवर. आणि बसण्याआधी हातातली काठी गाडीच्या पायरीला लावून बघायचे.

माझे त्या सहा महिन्यांतले रविवार त्यात गेले. मी शाळामास्तर, आठवड्याला एकच सुट्टी मिळते, म्हणून हे मी जरा चिडूनच लिहितो आहे, हे आधी सांगून टाकतो.

काठीचं कारण सुलाबाई, म्हणजे अण्णांची बायको. निपाणीच्या आसपास दुसऱ्यांच्या तंबाखूत तिने अर्धं आयुष्य काढलं. मग दोघांनी मिळून सदलग्याच्या वाटेवर, ओढ्यापलीकडे अडीच एकर रान घेतलं, आणि सातबाऱ्यावर, म्हणजे इकडच्या उताऱ्यावर, नाव लावलं ते सुलाबाईचं. थोडा ऊस, थोडं सोयाबीन, दोन म्हशी, एक पत्र्याची शेड. घरापासून रान तीन किलोमीटर. सुलाबाई रोज चालत जायची आणि रोज चालत यायची. बांधावरचं गवतही तिला नावानिशी ठाऊक असावं.

त्याआधीच्या दिवाळीत तिचा उजवा गुडघा बसला. मुलगी समता बेळगावात कॉलेजात शिकवते. तिने आईला चांगल्या डॉक्टरांना दाखवलं. ऑपरेशन पुढे बघू, पण चालणं बंद, आणि पाय वीतभरापेक्षा वर उचलायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून सुलाबाई दारात बसून असायची. संध्याकाळी अण्णा रानातून आले की तिची उलटतपासणी सुरू. काळी म्हैस नीट खाते का, वरच्या अंगाला पाणी पोचलं का, शेवग्याला फुलं धरली का. अण्णा उत्तरं द्यायचे आणि तिचं समाधान व्हायचं नाही. ती हळूहळू कमी बोलू लागली. जेवण निम्म्यावर आलं. 'माणूस वाळाय लागलंय सर,' असं अण्णा मला कुंपणापाशी येऊन सांगायचे आणि लगेच दुसरीकडे बघायचे.

मोटरसायकलवर तिला बसता येईना. रिक्षा ओढ्याच्या अलीकडे थांबते, पुढे चिखल. शेवटी समताने फोनवर निकाल लावला. अशी एक गाडी घ्या की जिच्यात वैरण जाईल, दुधाचे कॅन जातील, शेणखत जाईल, आणि जिच्या पुढच्या सीटवर आई आरामात बसेल. पैशाचं मी बघते. आता काय, आठ दिवसांत गाडी दारात, असं मला वाटलं.

अण्णांनी बांबूची काठी घेतली आणि वीतभर आणि वर दोन बोटं एवढी तोडली. ती दोन बोटं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वाढवली होती. रोज सकाळी सुलाबाई उंबरा ओलांडताना ते पायाकडे बघत उभे असायचे, आणि तिचा पाय किती उचलतो याचा अंदाज त्यांना डॉक्टरांपेक्षा बरा होता. काठी घेऊन आम्ही निघालो. निपाणी झालं, चिकोडी झालं, संकेश्वर झालं. सेल्समन बिचारा कन्नडमधून इंजिन, मायलेज, वजन किती ओढते हे सांगत असायचा, आणि अण्णा खाली वाकून पायरीला काठी लावायचे. मग कन्नडमध्येच त्याला विचारायचे की पायरी आणखी खाली का नाही.

छोटा पिकअप बघितला, पायरी चार बोटं वर. डबल केबिनची मोठी गाडी बघितली, तिच्यात चढायला मलाच धाप लागली. तीनचाकी मालगाडीत शेजारी सीटच नव्हती. बॅटरीवरची एक उघडी गाडी बघितली, मोठ्या बागांतून पाहुण्यांना फिरवतात तसली. पायरी अगदी काठीबरोबर, सीट ऐसपैस. मी म्हटलं, जमलं. अण्णांनी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये नांगरटीतून ती चालवून बघायला मागितली, आणि ती तिथेच रुतून बसली. ती ढकलायला मीही होतो.

जी गाडी पायरीत थोडी जवळ येई तिची दुसरी परीक्षा. अण्णा घरून पितळी तांब्या आणत. तो काठोकाठ भरून मांडीवर घेत, डाव्या सीटवर बसत, डोळे मिटत, आणि गाडी मला किंवा सेल्समनला खड्ड्यांतून चालवायला लावत. परत आल्यावर तांब्यात डोकावून बघत. निम्म्याहून जास्त सांडलं की गाडी बाद. एका शोरूमवाल्याने नव्या सीटवर पाणी सांडलं म्हणून तोंड वाकडं केलं, तर अण्णा त्याला म्हणाले, तेच तर बघायला आलोय. त्यांची पॅंट तर दर रविवारी ओली. लोक काय म्हणत असतील याची काळजी मलाच जास्त होती.

आणि इतकं करून सुलाबाईचा एकच धोशा. कुठल्याही गाडीचा फोटो मोबाइलवर दाखवला की ती नीट बघायची, चांगली हाय म्हणायची आणि पुढे म्हणायची, 'मला आपलं मागंच बरं.' मागं म्हणजे हौद्यात, जिथे वैरण आणि कॅन जाणार तिथे. हे ऐकलं की अण्णांचा चेहरा उतरायचा. त्या रात्री त्यांना झोप नसायची, आणि पहाटे साडेपाचला माझी कडी वाजायची. कालची गाडी नको, दुसरी बघू. मी त्यांना कधी दार उघडलं नाही असं झालं नाही, पण मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मे महिन्यात आम्ही बेळगावला गेलो. तीन शोरूम केले, तिन्ही बाद. समता शहापुरात राहते, तिने जेवायला बोलावलं होतं. अण्णा घरात टेकेनात, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गल्लीत उभा राहिलो. समोरच्या घरात माग खटखटत होता, वर ऊन तापलं होतं, पोटात भूक, आणि माझा तोल गेला. मी त्यांना फाडफाड बोललो. म्हटलं, अण्णा, तुम्हाला गाडी घ्यायचीच नाही. सुलाबाई स्वतः सांगते आहे की मागं बरं, मग एक गादी टाका हौद्यात आणि सुटा. हे सीटचं काय खूळ घेऊन बसलाय? जगात कुणाच्या बायकोचा गुडघा दुखत नाही का?

अण्णा काठीने जमिनीवर टोचत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखं.

"वखारीच्या मालकाच्या टेम्पोवर हुतो सर तवा मी. सुली त्येंच्याच रानात कामाला. सातवा म्हैना हुता तिला. ही आत हाय ती समता पोटात. सांजचं बायांना मागं भरायचं आन् गावात सोडायचं, ह्ये माझं काम. त्या दिशी सुलीच्या पोटात दुखाय लागलं. उभं ऱ्हावंना. पुढची सीट रिकामी न्हवती. मालकानं तंबाखूचं पोतं ठेवलतं तिच्यावर, नमुन्याचं. दवानं भिजंल म्हणून पुढं ठेवलंय, हलवू नगंस म्हणाला. पोतं उचलून मागं टाकायचं आन् बायकोला पुढं बसवायचं, एवढंच काम हुतं. माझा हात उठला न्हाय."

माग चालूच होता.

"आमच्यातल्या बाईनं मालकाच्या गाडीत पुढं बसायचं, ह्ये तवा कुणाच्या डोक्यात सुदीक येत न्हवतं. माझ्या बी आलं न्हाय, असं न्हवं. आलं हुतं. तरी उठला न्हाय. पोतं बसून आलं आन् ही उभी ऱ्हाऊन आली, दांडीला धरून. तिनं एका शबदानं इचारलं न्हाय आजपतुर. आन् आता म्हंती मागंच बरं. मला कळतंय ती का म्हंती ते."

समता दारात आली आणि पानं वाढलीत म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे असं काही बघितलं की ती मला खुणेने विचारू लागली, काय झालं. मी मान हलवली. जेवताना आमटी कशी होती ते मला आठवत नाही. मला स्वतःची फार लाज वाटत होती, एवढंच आठवतं.

त्यानंतर मी रविवारची तक्रार केली नाही. उलट आता मलाच चैन पडेना. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी पायऱ्यांचा विचार करत असे. रस्त्यात उभी असलेली कुठलीही गाडी दिसली की तिच्या पायरीपाशी जाऊन वीत लावून बघायचो. तांब्याच्या परीक्षेत सर्वांत कमी पाणी सांडलं होतं ते त्या पहिल्याच छोट्या पिकअपमध्ये. सीट मऊ, पाठीला टेकण चांगलं, वर धरायला कडी, मागे वैरणीला भरपूर जागा. नडत होती ती फक्त पायरी, चार बोटं. आणि जूनमध्ये एक दिवस सुलाबाईच दारातून म्हणाली, मष्णूकडनं खाली आणखी एक पायरी जोडून घ्यायला काय हुतंय? मष्णू आमच्या कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला. मी आणि अण्णा एकमेकांकडे बघत राहिलो. सहा महिने आम्ही दोघे शहाणे चार तालुके हिंडत होतो.

गाडी आली. मष्णूने लोखंडी जाळीची रुंद पायरी जोडून दिली, वर रबर चिकटवलं. अण्णांनी काठी लावली. बरोबर. मग त्यांनी स्वतः त्या पायरीवरून पंधरा-वीस वेळा चढउतार केली, आणि शेवटी मष्णूने त्यांना हाताला धरून बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. मीही निघालो, कारण ही गोष्ट शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मला शाळेत जाणं शक्य नव्हतं. रजा टाकली. हौद्यात पेंडीची दोन पोती होती. अण्णा डाव्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. सुलाबाई काठी टेकत अंगणातून आली, आणि दाराकडे न येता सरळ गाडीच्या मागे गेली. तिने हौद्याच्या फळीवर हात ठेवला. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याही. सुलाबाईने काखेतलं खुरपं आणि भाकरीचं गठुळं आत ठेवलं, मला म्हणाली, सर, ह्येच्याकडं बघा जरा, आणि वळून पुढे आली. मष्णूच्या पायरीवर पाय ठेवला, कडी धरली, आणि कुणाचा हात न घेता आत जाऊन बसली. मागच्या पोत्यांपाशी उरलो मी. सव्वीस वर्षं नोकरी केलेला मास्तर पेंडीच्या पोत्यावर बसून निघाला.

केबिनच्या मागच्या काचेची एक बाजू सरकलेली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. अण्णा गाडी इतकी हळू चालवत होते की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. खड्डा आला की गाडी जवळजवळ थांबायची. आणि आतल्या आरशात अण्णांचे डोळे मला दिसत होते. ते दर थोड्या वेळाने मागे बघत होते. मागे मी होतो, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

ओढा आला तशी सुलाबाई बोलली.

"त्या दिशी बी असंच चालीवलं हुतं तुमी. चार कोसाला दोन तास. बाया शिव्या देत हुत्या मागं, डायवर झोपलाय म्हणून."

अण्णांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"दुसऱ्या दिशी मालकानं गाडीवरनं काढलं तुमास्नी, उशीर केला म्हणून. मला सांगितलं न्हाईसा. मला मुकादमीण बोलली. मी बी इचारलं न्हाय."

"सुले, त्ये पोतं..."

"पोत्याचं ऱ्हाऊ द्या वो. मी पोत्याकडं बघितलंच न्हाय. तुमी सारखं आरशात बघत हुतासा, मी त्येच बघत आले गावापतुर. म्हणून बी उभं ऱ्हावलं." मग ती अण्णांकडे वळली. "म्हणून म्हंत हुते, मागंच बरं. मागनं तुमचं त्वांड दिसतंय. हितनं निस्ता कान दिसतोय."

गाडी ओढ्याच्या चढाला लागली. अण्णांचे डोळे परत आरशात गेले, भरलेले. तीस-बत्तीस वर्षांची सवय.

"आता आरशात काय बघाय लागलायसा?" सुलाबाई म्हणाली. "मी हितं हाय न्हवं. हाणा जरा जोरात."

अण्णांनी डावीकडे बघितलं. मग गिअर टाकला, आणि गाडीने असा हिसका घेतला की मी पेंडीच्या पोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.